ठरवून राहणे आणि राहून जाणे

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी व्यक्ती ३३ वर्षांची असून चार वर्षांपासून एकटी राहते. दीड वर्षापासून तिचे एका पुरुषाशी प्रेमसंबंध आहेत. त्याच्या भाड्याच्या घराचा करार तीन महिन्यांत संपतो आहे आणि ‘दोन घरांचे भाडे कशाला भरायचे, एकत्रच राहू’ असे त्याचे म्हणणे आहे. लग्नाविषयी दोघांचेही अजून काही ठरलेले नाही. तिला तो आवडतो, पण एकटे राहणेही तितकेच आवडते, आणि असे आवडणे हा आपल्यातला काही दोष तर नाही ना, अशी शंका तिला सतावते. आधी एकत्र राहून पाहिले तर लग्न अधिक टिकते का आणि हाच आपला जोडीदार हे ओळखायचे कसे, असेही तिने विचारले आहे.

तुमच्या पत्रातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटलेले वाक्य भाड्याविषयीचे आहे. वीसहून अधिक वर्षे जोडप्यांच्या समुपदेशनाचे काम करताना मी जवळजवळ प्रत्येक जोडप्याला विचारत आलो आहे, की तुम्ही एकत्र राहायचे कधी ठरवले. उत्तरे ठरलेली असतात. करार संपत होता. माझे कार्यालय तिच्या घरापासून जवळ होते. तसाही तो आठवड्यातले पाच दिवस इथेच असायचा. यांतले एकही कारण खोटे नसते. अडचण एवढीच, की ही सगळी कारणे घराची असतात आणि त्यांच्या जोरावर नात्याचा निर्णय परस्पर होऊन जातो.

एक जोडपे माझ्या चांगले लक्षात आहे. पाच वर्षे एकत्र राहिल्यानंतर ते माझ्याकडे आले होते. तोच प्रश्न विचारल्यावर दोघेही गप्प झाले. मग ती म्हणाली, ‘आधी त्याचा टूथब्रश आला, मग मी कपाटातला एक कप्पा रिकामा करून दिला.’ त्याला कप्पा आठवत नव्हता. त्याच्या लेखी सुरुवात झाली ती कपडे धुण्याचे यंत्र दोघांच्या पैशांतून घेतले तेव्हा. दोघांच्या तारखांत सात महिन्यांचे अंतर होते. त्याहून मोठे अंतर होते ते दोघांनी त्या सुरुवातीचा जो अर्थ लावला त्यात. कप्पा रिकामा करताना ती लग्नाच्या दिशेने एक पाऊल टाकत होती, आणि तो मात्र एक सोय स्वीकारत होता. पाच वर्षांत या दोन अर्थांची एकमेकांशी गाठ पडलीच नव्हती, कारण ती पडावी असा प्रसंग कोणी आणलाच नाही. त्यांचे भांडण वरवर पाहता मूल हवे की नको यावरून होते, परंतु त्याचे मूळ त्या कप्प्यात होते.

अमेरिकेतील डेन्व्हर विद्यापीठातील स्कॉट स्टॅन्ली, गॅलेना ऱ्होड्स आणि हॉवर्ड मार्कमन यांनी २००६ मध्ये ही प्रक्रिया नेमकेपणाने मांडली. काही जोडपी ठरवून एकत्र येतात आणि काही घसरत घसरत तिथे पोहोचतात, असा त्यांचा मुद्दा आहे. एका छपराखाली आल्यावर नात्यातून बाहेर पडणे झपाट्याने अवघड होते: सामान एकत्र झालेले असते, भाडे दोघांच्या पगारांवर बेतलेले असते, मित्रमंडळी सामाईक झालेली असते. बांधिलकी मात्र त्याच वेगाने वाढेलच असे नाही. परिणामी वेगवेगळ्या घरांत राहत असते तर सहा महिन्यांत समजूतदारपणे संपले असते असे एखादे नाते निव्वळ गतीमुळे पुढे सरकत राहते, आणि कधीकधी लग्नापर्यंतही जाऊन पोहोचते. याच गटाने २००९ मध्ये एकत्र राहण्याच्या कारणांचा अभ्यास केला. एकमेकांसोबत अधिक वेळ मिळावा हे त्यात सर्वाधिक आढळलेले कारण होते. परंतु ज्यांनी ‘नाते तपासून पाहण्यासाठी’ एकत्र राहायला सुरुवात केली होती, त्यांच्या नात्यांची स्थिती तुलनेने वाईट होती. यात मला नवल वाटत नाही. ज्याला तपासणी करावीशी वाटते त्याच्या मनात काहीतरी आधीच खुपत असते, आणि ते बोलून दाखवण्याऐवजी तो घर बदलतो.

आता लग्न टिकण्याविषयी. या विषयावर दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या सोयीचा अभ्यास पुढे करतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत अमेरिकेत झालेल्या अनेक अभ्यासांत, लग्नाआधी एकत्र राहिलेल्या जोडप्यांमध्ये घटस्फोटाचे प्रमाण अधिक दिसत होते. त्यावरून सहनिवासानेच लग्ने मोडतात असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होते. त्या काळी जे लोक लग्नाविना एकत्र राहत, ते धर्म, परंपरा आणि घटस्फोट या सर्वांकडेच वेगळ्या नजरेने पाहणारे असत. म्हणजे फरक कृतीत होता की माणसांत, हे सांगणे कठीण होते. २०१४ मध्ये समाजशास्त्रज्ञ एरिएल कुपरबर्ग यांनी गणनाच वेगळ्या प्रकारे केली. लग्नाचे वय न धरता दोघे प्रत्यक्ष एका घरात आले तेव्हाचे वय त्यांनी धरले, आणि तो फरक बराचसा विरून गेला. म्हणजे विशीच्या अगदी सुरुवातीला जोडीदार पक्का करून संसार थाटणे हीच जोखीम होती. त्याला लग्न म्हटले काय किंवा सहनिवास म्हटले काय. पुढे २०१९ मध्ये मायकेल रोझेनफेल्ड आणि कॅथरिना रोसलर यांनी दाखवून दिले, की आधी एकत्र राहिलेल्यांमध्ये लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात घटस्फोट कमी होतात, कारण एका घरात राहण्याचा धक्का त्यांनी आधीच पचवलेला असतो. पण त्यानंतरच्या वर्षांत मात्र त्यांच्यातील प्रमाण अधिक असते. याउलट युरोपातील १६ देशांची तुलना करणाऱ्या २००६ च्या अभ्यासात, जिथे सहनिवास ना फार दुर्मिळ ना सार्वत्रिक, तिथे हा फरक फारसा उरत नाही असे दिसले.

या सगळ्यातून मी माझ्यापुरता काढलेला निष्कर्ष असा, की आधी एकत्र राहणे हे लग्नाला ना तारते ना मारते. निकाल ठरतो तो एकत्र येताना दोघांना पुढचे किती स्पष्ट होते यावर. ऱ्होड्स आणि स्टॅन्ली यांच्या अभ्यासांतही लग्नाचा निश्चय झाल्यावर एकत्र आलेल्यांची स्थिती, निश्चयापूर्वी एकत्र आलेल्यांपेक्षा चांगली आढळली होती. इथे एक सावधगिरी आवश्यक आहे. लग्न हेच सर्वांचे गंतव्य असावे असे मी म्हणत नाही. लग्न न करता आयुष्यभर एकत्र राहण्याचा निश्चय केलेली आणि तो उत्तम निभावणारी जोडपी मी पाहिली आहेत. निश्चय कशाचा आहे याहून तो दोघांचा एकच आहे का, हे महत्त्वाचे ठरते.

म्हणून मी एकत्र राहू पाहणाऱ्या जोडप्याला एक साधे काम देतो. दोघांनी दोन वेगळ्या कागदांवर, एकमेकांना न विचारता, चार प्रश्नांची उत्तरे लिहायची. एकत्र राहणे म्हणजे माझ्या दृष्टीने काय आहे? दोन वर्षांनी आपण कुठे असावे असे मला वाटते? खर्च कसा वाटून घ्यायचा? आणि हे जमले नाही, तर घर कोणी सोडायचे आणि सामानाचे काय करायचे? मग कागदांची अदलाबदल करायची, आणि पहिली दहा मिनिटे कोणीही काही बोलायचे नाही. शेवटच्या प्रश्नावर बहुतेक जण नाराज होतात. सुरुवात करतानाच शेवटाचे कशाला बोलायचे, असे त्यांना वाटते. माझा अनुभव असा आहे, की ज्यांना बाहेरचा दरवाजा कुठे आहे हे ठाऊक असते ते आत निर्धास्तपणे वावरतात.

या प्रश्नाला कायद्याचीही बाजू आहे आणि तिच्याकडे तर सर्रास दुर्लक्ष होते. लग्न झाले की मालमत्ता, वारसा, आजारपणातले निर्णय यांविषयीच्या तरतुदी आपोआप लागू होतात; सहनिवासात काय लागू होते ते देशागणिक बदलते. स्वीडनमध्ये २००३ पासून लागू असलेल्या सहनिवास कायद्यानुसार, सामाईक वापरासाठी घेतलेले घर आणि घरातील सामान यांची विभक्त होताना वाटणी होते, परंतु मृत्युपत्र नसेल तर जोडीदार एकमेकांचे वारस ठरत नाहीत. फ्रान्समध्ये १९९९ पासून लग्नाखेरीज नोंदणीकृत भागीदारीचा पर्याय आहे. तो आणताना समलिंगी जोडप्यांचा विचार विशेषत्वाने झाला होता, आणि आज त्याचा लाभ घेणाऱ्यांत स्त्री-पुरुष जोडपीच बहुसंख्य आहेत. तात्पर्य, पुष्कळ लोकांना लग्न नको असले तरी लग्नासोबत येणारे संरक्षण हवे असते. आपण राहतो तिथे कोणते संरक्षण मिळते याची माहिती एखाद्या वकिलाकडे तासभर बसून मिळते. भाडेकरारावर नाव कोणाचे, अनामत रक्कम कोणाची, मोठ्या वस्तूंच्या पावत्या कोणाच्या नावावर, एवढे तरी लिहून ठेवावे.

एकटे राहणे आवडणे हा दोष आहे का, या तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे मी मुद्दाम उशिरा वळतो आहे, कारण त्याचे उत्तर एका शब्दात देता येते: नाही. पण तो प्रश्न तुम्हाला पडला तरी का, हे पाहण्यासारखे आहे. आपली भाषाच पाहा. एखाद्याने लग्न केले नाही तर त्याचे लग्न ‘राहून गेले’ असे आपण म्हणतो. जणू करायचेच होते, हातून सुटले. एकट्या माणसाचे आयुष्य हे कोणत्या तरी गोष्टीच्या आधीचे दिवस असतात असे गृहीत धरल्यावर, त्या दिवसांत कोणी सुखाने राहत असेल तर संशय येणारच. एकट्या व्यक्तींकडे पाहण्याच्या या पूर्वग्रहावर मानसशास्त्रज्ञ बेला डीपॉलो यांनी दीर्घकाळ लेखन केले आहे, आणि त्यांनी दाखवलेली एक चूक लक्षात ठेवण्याजोगी आहे. ‘विवाहित लोक अधिक सुखी असतात’ असे सांगणारे अनेक अभ्यास आज विवाहित असलेल्यांचीच तुलना एकट्यांशी करतात. ज्यांचे लग्न मोडले ते या हिशेबातून गळतात. हे म्हणजे उत्तीर्ण झालेल्यांचेच गुण मोजून परीक्षा सोपी ठरवण्यासारखे आहे. रिचर्ड लुकास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये जर्मनीतील त्याच त्या व्यक्तींचा वर्षानुवर्षांचा तपशील तपासला, तेव्हा लग्नाच्या सुमारास सरासरी समाधान थोडे वाढते आणि पुढे पुन्हा मूळच्या पातळीच्या जवळ येते, असे आढळले. माणसामाणसांतला फरक मात्र पुष्कळ होता. काहींचे समाधान टिकून राहिले, काहींचे पूर्वीपेक्षाही खाली गेले.

एकटे असणे आणि एकाकी असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि मराठीने त्यांना दोन निराळे शब्द दिले आहेत. तिसरा ‘एकांत’ हा तर आपण हौसेने शोधतो. दोघांच्या घरातला एकाकीपणा मी माझ्या खोलीत इतक्या वेळा पाहिला आहे, की जोडीदार हा त्यावरचा हमखास उपाय आहे असे मी कोणालाही सांगू शकत नाही. असे असले तरी एकटेपणाचा गौरव करणाऱ्यांशीही मी पूर्णपणे सहमत नाही. एकट्या व्यक्तीला काही व्यवस्था स्वतः उभ्या कराव्या लागतात, आणि त्या तरुणपणीच कराव्या लागतात. रात्री दोन वाजता दवाखान्यात न्यायची वेळ आली तर कोणाला फोन करायचा? घराची दुसरी किल्ली कोणाकडे आहे? मृत्युपत्र झाले आहे का? ज्यांच्याकडे याची उत्तरे तयार असतात, त्यांचा एकटेपणा ठरवलेला असतो. जे ‘पुढे बघू’ म्हणतात, त्यांचे खरोखरच राहून गेलेले असते.

एकटे राहणे आवडते असे म्हणणाऱ्याने एक गोष्ट मात्र स्वतःशी तपासावी. एका स्त्रीने मला सांगितले होते, की तिचा जोडीदार परत जायला निघाला आणि जिन्यावरून त्याच्या पावलांचा आवाज थांबला, की ती पहिल्यांदा खिडकी उघडते. मी विचारले, ‘खिडकी उघडल्यावर काय करता?’ ती बराच वेळ विचार करून म्हणाली, ‘श्वास घेते.’ तिला एकांत प्रिय नव्हता. त्याच्या उपस्थितीत ती सतत सावध असे, आणि तो गेल्यावर तिला सुटका झाल्यासारखे वाटे. खिडकी उघडून एखादे पुस्तक घेऊन बसणाऱ्या व्यक्तीचा आनंद वेगळा असतो. दाराशी निरोप दिल्यावर तुम्हाला यांपैकी काय वाटते, ते पुढचे काही आठवडे लक्ष देऊन पाहा. एकांतच प्रिय असेल तर त्यासाठी नाते सोडण्याची गरज नाही. स्वतंत्र घरांत राहून वर्षानुवर्षे एकमेकांचे असणारी जोडपी आहेत, आणि एका घरातही स्वतःची खोली, स्वतःचे काही तास मागून घेता येतात. सुटका वाटत असेल, तर एका घरात राहायला जाणे म्हणजे ती खिडकी कायमची बंद करणे आहे.

आता जोडीदार ओळखण्याविषयी. बहुतेक लोक मनात एक यादी घेऊन येतात: शिक्षण, उत्पन्न, उंची, स्वभाव, आवडीनिवडी. यादी असण्यात गैर काही नाही, फक्त तिच्यावर भिस्त ठेवू नये. पॉल ईस्टविक आणि एली फिंकेल यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, थोड्या थोड्या मिनिटांच्या ओळखीच्या भेटी घडवून आणल्या. आपल्याला जोडीदारात काय हवे म्हणून लोकांनी आधी जे सांगितले होते, त्यावरून प्रत्यक्षात त्यांना कोण आवडेल याचा अंदाज करता आला नाही. २०२० मध्ये सॅमंथा जोएल आणि अनेक संशोधकांनी मिळून ४३ अभ्यासांतील ११,१९६ जोडप्यांची माहिती संगणकाच्या साहाय्याने तपासली. नात्यातील समाधानाचा अंदाज व्यक्तीच्या सुट्या गुणांपेक्षा त्या नात्याविषयीच्या अनुभवावरून कितीतरी चांगला येत होता: समोरचा बांधील आहे असे वाटते का, आपली कदर होते का, शरीरसंबंधांत समाधान आहे का, भांडणे कितपत होतात. जोडीदार कागदावर कसा आहे याला त्या मानाने थोडेच वजन होते. डेटिंग ॲपवर मात्र आपल्याला नेमका तो कागदच दिसतो.

माझ्याकडे येणारे गणिताची आवड असलेले लोक कधीकधी ३७ टक्क्यांचा नियम सांगतात: जेवढे उमेदवार भेटणार असतील त्यांतले पहिले ३७ टक्के सोडून द्यावेत आणि त्यानंतर, आधीच्या सर्वांहून सरस असा जो पहिला भेटेल त्याला निवडावे. गणित अचूक आहे. पण त्यात एकूण उमेदवार किती ते आधीच ठाऊक असते, नाकारलेला परत येत नाही, आणि मुख्य म्हणजे निवडल्या जाणाऱ्याचे स्वतःचे काही मत नसते. खऱ्या आयुष्यात या तिन्ही गोष्टी खोट्या ठरतात.

मग पाहायचे तरी काय? मतभेद कसे होतात, ते पाहा. मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांच्या निरीक्षणानुसार जोडप्यांमधील सुमारे ६९ टक्के मतभेद कायमचे असतात. स्वभावातून आणि गरजांतून आलेले असल्यामुळे ते सुटत नाहीत, फक्त त्यांच्यासोबत बरे किंवा वाईट जगता येते. नाते पोखरणाऱ्या ज्या चार वर्तनांचा ते उल्लेख करतात (माणसावरच टीका, तुच्छता, सतत बचावाचा पवित्रा आणि अबोल्याची भिंत) त्यांत मी तुच्छतेला सर्वाधिक घाबरतो. घटस्फोटाचे भाकीत नेमके किती अचूक करता येते याविषयी गॉटमन यांच्या दाव्यांवर रास्त टीका झालेली आहे; परंतु टोमणा मारताना वर उचलली जाणारी ती भुवई मी इतक्यांदा पाहिली आहे, की त्या एका मुद्द्यावर मला शंका नाही. दुसरी गोष्ट: तुमची चांगली बातमी तो कशी ऐकतो? शेली गेबल यांच्या संशोधनात, जोडीदाराने आपल्या यशाला दिलेला प्रतिसाद हा अडचणीच्या वेळच्या आधाराइतकाच, किंबहुना काही बाबतींत अधिक बोलका आढळला. तिसरी गोष्ट म्हणजे तुमचा नकार. तुम्ही ‘आज नको’ म्हटल्यावर पुढच्या तासाभरात घरातले वातावरण कसे असते, ते सहा महिन्यांच्या गोड सहवासापेक्षा अधिक सांगते. आणि तो तुमचा फोन तपासत असेल, मैत्रिणींपासून तोडत असेल, तुमच्या पैशांवर ताबा ठेवत असेल किंवा तुम्हाला त्याची भीती वाटत असेल, तर वरचे काहीही तपासत बसू नका; एकत्र राहायला जाऊ नका आणि विश्वासातल्या कोणाला तरी आजच सांगा.

एका शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तुम्ही स्वतःलाच द्या: होकार देण्याची इच्छा त्याच्या ओढीने होते आहे, की नाही म्हटल्यास एकटे पडण्याच्या भीतीने? टोरंटो विद्यापीठात स्टेफनी स्पीलमन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवले, की एकटे राहण्याची भीती ज्यांना जास्त असते ते जोडीदार निवडताना कमीवर समाधान मानतात आणि असमाधानकारक नात्यातही टिकून राहतात. तुमच्या पत्रावरून ही भीती तुम्हाला फारशी नसावी असे दिसते. एकटे राहण्याची जी आवड तुम्ही दोष समजत आहात, ती माझ्या मते तुमची सर्वांत भक्कम बाजू आहे.

राहिला तीन महिन्यांचा प्रश्न. ती मुदत त्याच्या घराची आहे, तुमच्या नात्याची नाही. त्याचा करार आणखी सहा महिन्यांनी वाढवून मिळतो का, हे त्याला आधी विचारायला सांगा, आणि त्या काळात दोघांनी ते चार प्रश्न लिहून काढावेत असे सुचवा. या सूचनेवर तो थोडा हिरमुसला तर ते स्वाभाविक माना. तो चिडला, किंवा ‘तुझा माझ्यावर विश्वासच नाही’ असे म्हणून त्याने विषय बंद केला, तर तेही त्याच्या कागदावरचे एक उत्तर म्हणून नोंदवून ठेवा.